स्वतंत्र स्थान-संवेदकाशिवाय (सेन्सरशिवाय) चुंबकीय बेअरिंगचे, म्हणजे फिरता दांडा चुंबकाच्या ओढीने अधांतरी धरणाऱ्या आधाराचे, नियंत्रण करता येते का?

होय, कारण विद्युतचुंबकाची गुंडाळी स्वतःच संवेदकाचे काम करू शकते. रोटर (फिरणारा भाग) आणि चुंबक यांमधील हवेची फट कमी झाली की गुंडाळीचा इंडक्टन्स (प्रवाहातील बदलाला होणारा विरोध) वाढतो. त्यामुळे गुंडाळीला वीज झपाट्याने चालू-बंद करून पुरवणाऱ्या स्विचिंग अ‍ॅम्प्लिफायरमुळे प्रवाहात उमटणाऱ्या तरंगाचा चढ मोजून त्यातून ड्यूटी सायकलचा (प्रत्येक आवर्तनात वीज चालू असण्याच्या प्रमाणाचा) परिणाम वेगळा काढला, तर फटीचा अंदाज मिळतो. खरी अडचण चुंबकीय संपृक्ततेची आहे: भार वाढून चुंबकाचा गाभा संपृक्त झाला (आणखी फारसा चुंबकित होईनासा झाला) की इंडक्टन्स घटतो, आणि रोटर चुंबकाजवळ सरकत असतानाही तो दूर जात असल्याचा भास होऊन नियंत्रक प्रवाह आणखी वाढवू शकतो. म्हणून प्रवाह, फट आणि इंडक्टन्स यांचे नाते प्रत्यक्ष मोजून अंदाजाच्या गणितात बसवणे मला अत्यावश्यक वाटते. केवळ रेषीय प्रतिमानावर आधारलेल्या ऑब्झर्व्हरवर (मोजमापांवरून रोटरचे स्थान गणिताने काढणाऱ्या पद्धतीवर) मात्र विसंबू नये. प्राचलांतील (पॅरामीटर्समधील) लहानशा फरकानेही त्याची स्थिरता ढळू शकते.