उशीखालच्या पोळ्यांबद्दल

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नऊ वर्षांची मुलगी फोस्टर केअरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या सांभाळासाठी, तुमच्या बोरिवलीच्या घरी येऊन दोन महिने झालेत. पोळ्या उशीखाली लपवते, विचारलं तर साफ नाही म्हणते, रात्री दिवा बंद करू देत नाही, तुम्हाला आई म्हणत नाही. सासूबाई म्हणतात, चोरीची सवय आहे, परत पाठवा.

आधी पोळ्यांचं. ही चोरी नाही हो. उद्या जेवायला मिळेल याची ज्या पोराला कधी खात्री नव्हती, ते साठवणारच. आमच्याकडे सहा वर्षांपूर्वी असाच एक आठ वर्षांचा आला. (नाव लिहीत नाही.) तिसऱ्या आठवड्यात खोलीत वास यायला लागला म्हणून गादी उचलली, तर खाली बुरशी आलेले पाव, अर्धा बिस्किटपुडा आणि वर्तमानपत्रात बांधलेला भात. मी ओरडले. तो रडला नाही की पळाला नाही. भिंतीला पाठ टेकून दोन्ही हात डोक्यावर धरून बसला. मार कुठून येईल तेवढं बघत होता.

समुपदेशक बाईंच्या सांगण्यावरून मग एक पत्र्याचा डबा आणला. चिवडा, खजूर, बिस्किटं. डबा त्याचा, वाटेल तेव्हा उघडायचा, कुणाला विचारायचं नाही, आणि संपला की मी न बोलता भरायचा. पहिल्या आठवड्यात चार वेळा भरला. पोट बिघडलं, ते होणारच होतं. गादीखालचा साठा बंद व्हायला मात्र पाच-सहा महिने गेले. तुमचे तर दोनच झालेत. दिव्याचंही तसंच, राहू दे चालू. विजेचं बिल परवडेल.

'आई'चा हट्ट सोडा. तिला आई आहे, आजारी असली तरी. हे दत्तक नाही, त्या माउलीशी तिचं नातं कायद्याने तुटलेलं नाही. काकू म्हणू दे, मावशी म्हणू दे. आईच्या भेटीनंतर ती दोन दिवस बिथरते म्हणून भेटी थांबवाव्यात असं तुम्हाला वाटतंय. आम्हीही तेच सांगायला बालकल्याण समितीकडे (अशा मुलांना कुठे ठेवायचं हे ठरवणारी जिल्ह्याची समिती) निघालो होतो. आमचा भेटून आला की अंथरूण ओलं करायचा. भेटी चालूच ठेवल्या, फक्त निघण्याआधी पुढची तारीख ठरवून घरी आल्यावर कालनिर्णयवर त्याच्याच हाताने गोल करायला लावला. त्याने बराच फरक पडला.

परत पाठवता येतं का? येतं, समितीच्या आदेशाने. पण हा शब्द तिच्या कानावर घरात एकदाही पडता कामा नये, सासूबाईंच्या तोंडून तर नाहीच. त्यांच्याशी तुमच्या यजमानांनी बोलावं, तुम्ही नको.

समितीची महिन्याची तपासणी तुम्हाला जाचक वाटते. ती कायद्यातच आहे, 2015च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 44 मध्ये. मलाही पहिलं वर्षभर राग यायचा, कपाटं बघतात की काय असं वाटायचं. नंतर त्याच माणसांना पोळ्या-बिळ्या सगळं सांगायला लागले, तेव्हा मदत मिळाली. शेजारी 'पैशासाठी ठेवलीय' म्हणतात ते सोडून द्या. सरकारच्या बालसंगोपन योजनेत अशा मुलाच्या सांभाळासाठी मिळणाऱ्या महिना 2250 रुपयांत मुंबईत कोण श्रीमंत झालंय!

डॉक्टरला दाखवायची घाई आहे का? लपवणं, दिवा, खोटं बोलणं यासाठी लगेच औषधं लागतील असं मला वाटत नाही, पण समुपदेशन आत्ताच सुरू करा. ती स्वतःला इजा करत असेल, मरण्याचं बोलत असेल, जेवण-झोप सुटली असेल तर मात्र त्याच दिवशी जा. केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. रात्री-अपरात्री घाबरलात तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावा, फुकट आहे. तुम्ही स्वतःसाठीही लावू शकता. मी मोरीत नळ सोडून रडायचे, ते कुणाला सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेला तिचा फोटो आजच काढा. कलम 74 प्रमाणे अशा मुलांची ओळख उघड करायची नसते. सायनला जाणार असाल तर केसपेपरसाठी सकाळी लवकर पोचा, दहानंतर रांग फार वाढते. तिच्या पिशवीत खाऊचा डबा असू द्या.