वर्गात चार भाषा, पाचवी इंग्रजी

इंग्रजी शिकवताना आणि शिकताना अडणाऱ्या वाचकांची या महिन्यातली निवडक पत्रं आणि त्यांना उत्तरं.

प्रश्न : मेळघाटातल्या जिल्हा परिषद शाळेत तिसरीला शिकवते. बहुतेक मुलं घरी कोरकू बोलतात, थोडी हिंदी. इंग्रजीचा धडा मी मराठीत नीट समजावून सांगते. मुलं धडा खडाखडा वाचतात, शब्दार्थही म्हणून दाखवतात. पण ‘पुट द बुक ऑन द टेबल’ म्हटलं की एकमेकांकडे बघत बसतात. चुकतंय कुठे?

बाई, तुम्ही एका परक्या भाषेचा अर्थ दुसऱ्या अर्ध्यामुर्ध्या परक्या भाषेत सांगताय. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. मराठी-हिंदीशी तिचं नातं नाही, संथाळीशी आहे. तिसरीतल्या मुलाला तुमचं मराठी जेमतेम निम्मं कळत असेल, तर इंग्रजीचा अर्थ त्याच्यापर्यंत पोचण्याआधीच वाटेत सांडतो. ‘टेबल म्हणजे मेज’ हे पाठ होतं, पण डोळ्यांपुढे काही येत नाही.

म्हणून अर्थ आधी वस्तूतून, कृतीतून आणि कोरकूतून द्या. पस्तीस मिनिटांच्या तासाला सहा नवे शब्द पुरे, त्यातली किमान दोन क्रियापदं हवीत. नुसत्या नामांच्या यादीतून वाक्य तयार होत नाही. पहिली पाच मिनिटं चित्र किंवा वस्तू पुढे ठेवून मुलांना कोरकूतच बोलू द्या. तुम्हाला सगळं कळलं नाही तरी बिघडत नाही. पुढची आठ-दहा मिनिटं शब्द आणि कृती : तुम्ही म्हणायचं, करून दाखवायचं, मग फक्त म्हणायचं आणि मुलांनी करायचं. या टप्प्यावर मुलांनी तोंडाने इंग्रजी बोललंच पाहिजे असा आग्रह नको. दहा मिनिटं एकाच साच्याची वाक्यं, सात मिनिटं जोडीत सराव, शेवटी दोन ओळी लेखन.

फळ्यावर तीन रकाने करा : इंग्रजी शब्द, चित्र, कोरकू शब्द देवनागरीत. कोरकू शब्द मुलांकडूनच घ्या. ‘दा’ म्हणजे पाणी एवढं तुम्हाला येत असेलच, पण गावागणिक फरक पडतो आणि सांगणारा मूल असला की त्याची मान ताठ होते. अडलं तर अंगणवाडीच्या ताई किंवा शाळा व्यवस्थापन समितीतली एखादी आई आठवड्यातून अर्धा तास येऊ शकते का, विचारा.

एक गोष्ट मात्र करू नका. इंग्रजी शब्दाखाली देवनागरीत त्याचा उच्चार लिहू नका. डोळा ओळखीच्या लिपीकडे जातो, मुलं देवनागरी वाचतात आणि आपल्याला वाटतं इंग्रजी वाचतायत. उच्चार तुमच्या टाचणवहीत ठेवा. खडाखडा वाचनाचं गुपित पुष्कळदा एवढंच असतं.

विषय पाठ्यपुस्तकाबाहेरचाही घ्या. मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचायला सगळं घर जातं, तेव्हाचा एक तास असा घेता येईल. ‘वी गो टू द फॉरेस्ट. वी पिक अप मोह फ्लॉवर्स. वी ड्राय देम.’ इथे ‘पिक’ आणि ‘पिक अप’ यांतला फरक मुलं तुमच्याआधी पकडतील, कारण मोहाची फुलं कोणी तोडत नाही. ती पहाटे झाडाखाली पडलेली असतात आणि ती वेचायची असतात. फुलं दिसावीत म्हणून आधी झाडाखालची जागा साफ करतात, तेव्हा ‘क्लीन’ हे क्रियापदही तिथेच मिळतं. क्रम मुलांना माहीत आहे, नवी आहे ती फक्त भाषा. आदिवासी दिनाला पोशाख घालून नाच बसवणं म्हणजे मुलांची संस्कृती वर्गात आणणं, असा समज फार पसरलाय. नाच जरूर करा, पण वाचन सुधारेल ते मोहाच्या तासाने.

अनेकवचन शिकवताना थोडं थांबा. कोरकूत सजीवांसाठी ‘दोन’चा प्रत्यय वेगळा आणि ‘अनेक’चा वेगळा. दोन शेळ्या आणि पाच शेळ्या, दोन्हींना इंग्रजीत एकच ‘एस’ लागतो हे चित्रं शेजारी शेजारी ठेवून दाखवावं लागतं. नुसता नियम सांगून ते गळी उतरत नाही.

आणि प्रश्न विचारल्यावर मनात पाचपर्यंत मोजा. मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासक बाईंनी सत्तरच्या दशकात दाखवून दिलं की शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तरी उत्तरं लांब आणि विचार करून येतात. तुमच्या मुलांना तर तीन भाषांतून फिरून यायचंय.

प्रश्न : आमच्या मुलाच्या शाळेत मराठी बोलल्यास पाच रुपये दंड आहे. याने इंग्रजी सुधारतं का?

नाही. मुलं गप्प बसायला शिकतात, किंवा कुजबुजत मराठी बोलायला. पालकसभेत दंडाऐवजी हे सुचवा : गटात चर्चा कोणत्याही भाषेत, पण वर्गापुढे निष्कर्ष इंग्रजीत, आणि त्यासाठी वाक्यांचे साचे भिंतीवर लावलेले. ‘आय थिंक... बिकॉज...’ एवढा एक साचा पहिल्या महिन्याला चालतो.

प्रश्न : मुलगी पाचवीपर्यंत गणितात पुढे होती. सहावीला सेमी-इंग्रजी घेतलं आणि शाब्दिक उदाहरणं चुकू लागली. कार्टून तर ती इंग्रजीतच बघते! गणित कच्चं झालं का?

बहुधा गणित शाबूत आहे. कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा असा फरक केला तो याचसाठी : पहिली साधारण दोन वर्षांत येते, दुसरीला पाच ते सात वर्षं लागू शकतात. कार्टून समजणं हा पुरावा धरू नका.

नेमकं कुठे अडतंय ते तपासा. ‘5 लेस दॅन 12’ हे मूल डावीकडून वाचतं आणि 5 – 12 मांडतं. मराठीत ‘12 पेक्षा 5 ने कमी’ म्हणताना आकड्यांचा क्रम आणि मांडणीचा क्रम एकच होता. इंग्रजीत तो उलटला. ‘डिव्हाइड 12 बाय 3’ आणि ‘डिव्हाइड 3 इन्टू 12’ यांचं उत्तर एकच, पण शब्दांचा क्रम फिरलेला. त्यातून आपल्याकडे ‘इन्टू’ म्हणजे गुणाकार ही बोलीतली सवय, म्हणजे घोटाळा पक्का. ऐकून लिहिताना ‘सत्तावीस’मध्ये सात आधी येतो, ‘ट्वेंटी सेव्हन’मध्ये वीस आधी, घाईत 72 लिहिलं जातं. दीड, अडीच, पावणेदोन यांची इंग्रजी रूपं तर स्वतंत्रच शिकवावी लागतात.

उपाय खर्चाचा नाही. प्रत्येक प्रकरणाचे दहा शब्द दोन रकान्यांत लिहा : लसावि–एलसीएम, अपूर्णांक–फ्रॅक्शन, गुणोत्तर–रेशो. रोज दोनच शाब्दिक उदाहरणं : इंग्रजीत वाचायचं, मराठीत आपल्या शब्दांत सांगायचं, चित्र किंवा समीकरण मांडायचं, उत्तराचं वाक्य पुन्हा इंग्रजीत. मराठीतली पायरी गाळू नका. तिथेच कळतं की चूक गणितात आहे की वाचनात.

प्रश्न : सोलापुरात महापालिकेच्या शाळेत इंग्रजी शिकवतो. एका वर्गात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी मुलं. प्रत्येकाच्या चुका निराळ्या. सुधारायच्या तरी कशा?

चुका निराळ्या आहेत, पण त्या वाटेल तशा होत नाहीत, आणि तेच तुमच्या फायद्याचं. ‘एग’चं ‘येग’, ‘ओन्ली’चं ‘वोन्ली’ हे तेलुगू-कन्नड घरांतून येतं. शब्दाच्या शेवटी उगाच ‘उ’ लागतो तोही तिथलाच. ‘इस्कूल’, ‘इस्टेशन’ हिंदी-उर्दू बोलणाऱ्यांकडे जास्त. मराठी मूल ‘स्कूल’ बिनघोर म्हणतं, पण ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ त्याला एकच वाटतात. ‘ही’, ‘शी’, ‘इट’चा गोंधळही दोन प्रकारचा. मराठी मूल पंख्याला ‘ही’ म्हणतं, कारण आपल्याकडे पंखाही पुल्लिंगी आहे. तेलुगूत एकवचनी क्रियापदाचं रूप स्त्रीला आणि वस्तूला बहुधा एकच असतं, म्हणून तिथे ‘शी’ आणि ‘इट’ची अदलाबदल. उर्दू माध्यमातून नवीन आलेलं मूल वही उलट बाजूने उघडत असेल तर हसू नका; पहिल्या पानावर बाण काढून द्या.

सगळ्या चुका लाल करू नका. अर्थ बदलतो ती चूक आधी : काळ, नकार, ‘ही-शी’. ‘येग’ म्हटलं तरी अंडंच कळतं, ते मागे ठेवा. आठवड्याला वर्गाची एकच चूक निवडा. बोलताना मूल चुकलं तर अडवू नका, बरोबर वाक्य सहज उच्चारून संभाषण पुढे न्या. लेखनात त्या आठवड्याच्या चुकीखाली फक्त रेघ ओढा आणि दुरुस्ती मुलाला करू द्या.

जोड्या लावताना कच्चं लेखन एकाच भाषेच्या जोडीत करून घ्या आणि सादरीकरण वेगवेगळ्या भाषांच्या जोडीत. दुसऱ्या जोडीत दोघांना समजणारी सोय म्हणून इंग्रजीची खरीखुरी गरज पडते. गृहपाठ म्हणून घरातल्या कोणालाही एक काम कसं करतात ते विचारून पाच पायऱ्या आपल्या भाषेत लिहून आणायला सांगा. चादर विणण्यापासून ज्वारीची भाकरी थापण्यापर्यंत काहीही चालेल. वर्गात त्याचं ‘फर्स्ट, नेक्स्ट, देन’ लावून इंग्रजी होतं. मात्र ‘वडील काय करतात?’ असं चारचौघांत विचारू नका. विडी वळणाऱ्या किंवा काम सुटलेल्या घरातल्या मुलाला ते टोचतं.

प्रश्न : नुकतेच न्यू जर्सीला आलो. शाळेच्या फॉर्मवर घरची भाषा मराठी लिहिली, तर मुलीची चाचणी घेऊन तिला इंग्रजी शिकणाऱ्यांच्या गटात घातलं. ती पुण्यात इंग्रजी माध्यमात होती! घरी मराठी बंद करावं का?

मराठी बंद करू नका, आणि अपमानही मानू नका. तिकडे प्रवेशाच्या वेळी घरची भाषा विचारतात आणि ती इंग्रजीखेरीज असेल तर चाचणी घेतात. याच्या मुळाशी 1974 चा ‘लाऊ विरुद्ध निकोल्स’ हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे : सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी बोलणाऱ्या मुलांना न समजणाऱ्या भाषेत शिकवणं म्हणजे समान शिक्षण नव्हे. न्यू जर्सीत ‘विडा’ या अनेक राज्यांच्या सामायिक संस्थेच्या इंग्रजी चाचण्या वापरतात. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं असे चार भाग, गुण 1 ते 6 च्या पट्टीवर. भारतातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांचं वाचन बरेचदा चांगलं असतं. घसरतात ती अनोळखी धाटणीचं इंग्रजी ऐकताना आणि स्वतःचं मत कारणं देऊन मांडताना.

शाळेकडून चारही भागांचे वेगवेगळे गुण मागून घ्या. एकूण आकड्यावरून काही कळत नाही. मदत वर्गातच मिळणार की वर्गाबाहेर नेऊन, हेही विचारा. बाहेर नेत असतील तर त्या वेळात कोणता विषय बुडतो? विज्ञान बुडत असेल तर वेळ बदलून मागा. गटात घातल्याची सूचना शाळावर्ष सुरू झाल्यापासून 30 दिवसांत पालकांना द्यावी लागते. सेवा नाकारण्याचा हक्क तुम्हाला आहे, पण नाकारली तरी पातळी गाठेपर्यंत वार्षिक चाचणी द्यावीच लागते. घाईने नाकारण्यात फारसा फायदा नाही.

घरी आदल्या संध्याकाळी उद्याच्या धड्यावर मराठीत बोला. प्रकाशसंश्लेषण एकदा मराठीत कळलं की दुसऱ्या दिवशी फक्त शब्द नवा असतो.

बाईंना दोन-चार गोष्टी लिहून कळवा : मुलगी मोठ्यांच्या नजरेला नजर देत नाही ते आदरापोटी, होकाराला मान आडवी डोलावते तो नकार नव्हे, आणि ‘टीचर’ म्हणून हाक मारणं उद्धटपणा नव्हे. तिच्या नावाचा उच्चार अवघड असेल तर ‘सोपं’ टोपणनाव देऊन मोकळं होऊ नका. तिच्याच आवाजात नाव फोनवर ध्वनिमुद्रित करून बाईंना पाठवा.