डिस्ट्रिब्युटरचा गिअर आणि पिन बदलल्यानंतर पी-१३४५ कोड येतो. टायमिंग चेन बदलावी का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: १९९८ सालच्या शेव्हरोले पिकअपमध्ये ५.७ लिटरचे व्ही-८ इंजिन आहे. डिस्ट्रिब्युटरच्या (ठिणगीची वीज एकेका सिलिंडरकडे वाटणाऱ्या भागाच्या) गिअरचे दाते झिजल्यामुळे आपण नवा गिअर आणि नवी पिन घरीच बसवली. गाडी सुरू होते, पण चढावर अडखळते आणि पी-१३४५ हा कोड (गाडीच्या संगणकाने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक) येतो. डिस्ट्रिब्युटर एक दाता पुढे आणि एक दाता मागे बसवून पाहिला तरी कोड जात नाही. तेव्हा टायमिंग चेन (इंजिनाच्या मुख्य दांड्यावरून, म्हणजे क्रँकशाफ्टवरून, झडपा उघडणारा कॅमशाफ्ट फिरवणारी साखळी) ताणली गेली असेल का?

चेनला हात लावण्यापूर्वी डिस्ट्रिब्युटर पुन्हा बाहेर काढून गिअर पाहावा, अशी माझी आपल्याला आग्रहाची विनंती आहे. आपण जे वर्णन केले आहे त्यावरून गिअर शाफ्टवर अर्धा फेरा उलटा बसला असण्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते. माझ्या १९९७ सालच्या पिकअपमध्ये, याच इंजिनावर, हीच चूक माझ्या हातून झाली होती. मी पुढचे कव्हर उघडून चेन बदलली, त्यात शनिवार-रविवार गेला, आणि कोड जसाच्या तसा राहिला. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पिनचे छिद्र गिअरमधून आणि शाफ्टमधून आरपार गेलेले असते, त्यामुळे गिअर दोन प्रकारे बसू शकतो आणि दोन्ही वेळा पिन सहज आत जाते. गिअरला १२ किंवा १४ दाते असते तर यात काहीच बिघडले नसते, कारण अर्धा फेरा फिरवल्यावर दात्याच्या जागी पुन्हा दाताच आला असता. पण या इंजिनात डिस्ट्रिब्युटरच्या गिअरला १३ दाते आहेत. तेराचे निम्मे साडेसहा. म्हणजे गिअर उलटा बसवला की जिथे दाता हवा तिथे खाच येते. एका दात्याचे अंतर सुमारे २७.७ अंश असते, तेव्हा अर्ध्या दात्याची चूक सुमारे १३.८ अंशांची झाली, आणि क्रँकशाफ्ट डिस्ट्रिब्युटरच्या दुप्पट वेगाने फिरत असल्यामुळे तिथे मोजली तर ती पुन्हा २७.७ अंश भरते. आता आपण एक दाता पुढे सरकवला तर रोटर (डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टवरचा, ठिणगी वाटणारा फिरता तुकडा) १३.८ अंश मागे होता तो १३.८ अंश पुढे जातो. परत मागे घेतला तर पुन्हा पूर्वीच्या जागी येतो. बरोबर मधली जागा आपल्याला कधीच मिळणार नाही. दोन्हीकडे करून पाहिले तरी कोड तोच, हे आपले निरीक्षण म्हणूनच मला इतके महत्त्वाचे वाटले.

जुन्या शेव्हरोले इंजिनांत ही चूक पुष्कळदा झाकली जात असे, कारण तिथे क्लॅम्प सैल करून संपूर्ण डिस्ट्रिब्युटर फिरवता येत असे आणि टायमिंग त्यावरच ठरत असे. आपल्या इंजिनात ठिणगीची वेळ संगणक क्रँकशाफ्टच्या सेन्सरवरून ठरवतो. डिस्ट्रिब्युटरकडे दोनच कामे उरली आहेत: ठिणगी योग्य सिलिंडरकडे पोहोचवणे आणि आतल्या कॅम सेन्सरच्या साहाय्याने कॅमची स्थिती कळवणे. हे दोन सेन्सर एकमेकांशी जुळले नाहीत की पी-१३४५ येतो, आणि रोटर कॅपमधल्या (डिस्ट्रिब्युटरच्या झाकणातल्या) योग्य टोकासमोर नसल्यामुळे इंजिनावर भार आला की ते अडखळते. काही गाड्या तर अशा स्थितीत सुरूच होत नाहीत.

डिस्ट्रिब्युटर काढण्यापूर्वी एक तपासणी करावी. पहिल्या सिलिंडरचा स्पार्क प्लग काढून त्या छिद्रावर बोट ठेवावे आणि क्रँकशाफ्ट पान्याने हळूहळू फिरवावा. हवेचा दाब बोटाला जाणवू लागला की दाबाचा फेरा सुरू झाला असे समजून पुढच्या पुलीवरच्या खुणा जुळवाव्यात. आता कॅप उघडल्यावर रोटरचे टोक डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीवर कोरलेल्या ८ या आकड्याच्या खुणेकडे असायला हवे. (तिथे ६ हा आकडाही असतो, तो व्ही-६ इंजिनासाठी आहे, त्याच्याशी जुळवू नये.) आपल्या गाडीत ते खुणेच्या बरेच अलीकडे किंवा पलीकडे आढळेल असा माझा अंदाज आहे. याच वेळी चेनचीही शंका फेडून घ्यावी: क्रँकशाफ्ट थोडा उलट फिरवावा आणि रोटर हलू लागेपर्यंत तो किती फिरतो ते पाहावे. झिजलेल्या चेनची ढिलाई साधारणपणे काही अंशांचीच असते; २७ अंशांचा फरक तिच्या माथी मारता येत नाही.

डिस्ट्रिब्युटर बाहेर आल्यावर गिअरच्या खालच्या कडेवर एक छोटा गोल खळगा दिसेल. सगळे उत्तर त्या खळग्यात आहे. तो खळगा आणि रोटरचे टोक शाफ्टच्या एकाच बाजूला असले पाहिजेत. ते अगदी एका रेषेत येत नाहीत, त्याची चिंता करू नये. पण खळगा रोटरच्या विरुद्ध बाजूला असेल तर गिअर उलटा बसला आहे, हे निश्चित समजावे.

पिन काढताना घाई करू नये. या डिस्ट्रिब्युटरची बॉडी प्लास्टिकची असते, त्यामुळे ती व्हाइसमध्ये आवळू नये. खाच पाडलेल्या लाकडी ठोकळ्यावर गिअर नीट टेकवावा, म्हणजे हातोडीचा मार गिअर झेलेल, शाफ्ट वाकणार नाही. पिन ३/१६ इंचाची आहे, तेव्हा त्याहून किंचित बारीक, सरळ दांड्याचा पंच वापरावा; निमुळता पंच पिनला आतल्या आत फुगवून घट्ट करतो. गिअरखालचे वॉशर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने परत घालावेत.

आणि पिन पुन्हा नवीच घालावी, आपण नुकतीच बसवलेली असली तरीही. ही रोल पिन म्हणजे उभी चीर असलेली स्प्रिंगच्या पोलादाची नळी असते आणि ती छिद्रात केवळ स्वतःच्या ताणावर टिकून राहते. एकदा ठोकून काढली की तो ताण कमी होतो. तिच्या जागी खिळा किंवा बोल्टचा तुकडा घालण्याचा सल्ला कोणी दिला तर कृपया ऐकू नये. पिन तुटली तर गिअर शाफ्टवर नुसताच फिरत राहतो. त्या शाफ्टवर ठिणगी जशी अवलंबून आहे तसाच तेलाचा पंपही अवलंबून आहे.

नवा गिअर कोणत्या धातूचा आहे, हेही आपण लिहिलेले नाही. या इंजिनात रोलर लिफ्टरचा (झडपा उचलणाऱ्या भागांना छोटी चाके असलेला) कॅमशाफ्ट आहे, डिस्ट्रिब्युटरचा गिअर त्याच्यावरच्या दात्यांत अडकून फिरतो आणि त्याला पृष्ठभाग कठीण केलेला पोलादी गिअर लागतो. जुन्या सपाट लिफ्टरच्या इंजिनांसाठीचा साधा बिडाचा गिअर मापाने बसतो, पण पोलादी कॅमवर तो फार लवकर झिजतो. दुकानात विचारताना कॅमचा प्रकार सांगावा. डिस्ट्रिब्युटर बाहेर असतानाच बॅटरीच्या उजेडात कॅमवरचे दातेही पाहून घ्यावेत. तेही धारदार झाले असतील तर नवा गिअर फार काळ टिकणार नाही. झिजलेल्या गिअरचा चुरा तेलात गेलेला असतो, म्हणून तेल आणि फिल्टर बदलणे मी तरी टाळणार नाही.

परत बसवताना दात्यांना असेंब्ली ल्यूब (जुळणीच्या वेळी लावायचे वंगण) लावावे. दाते तिरके असल्यामुळे डिस्ट्रिब्युटर खाली जाताना रोटर थोडा फिरतो. तेवढे अंतर धरून सुरुवात करावी. बॉडी टेकण्यापूर्वीच अडली तर खाली तेलाच्या पंपाच्या शाफ्टची खाच जुळलेली नाही. ती लांब स्क्रू ड्रायव्हरने फिरवून घ्यावी. क्लॅम्प आवळून बॉडी खाली ओढण्याचा प्रयत्न केला तर ती तडकते. बॉडी पूर्ण टेकल्यावरच क्लॅम्पचा बोल्ट २५ न्यूटन-मीटरला आवळावा.

शेवटची जुळणी स्कॅनरवर करावी. इंजिन गरम झाल्यावर फेरे मिनिटाला १००० च्या वर ठेवून कॅम रिटार्डचा (क्रँकशाफ्टच्या तुलनेत कॅम किती अंश मागे-पुढे आहे याचा) आकडा पाहावा. तो शून्याच्या दोन अंश अलीकडे-पलीकडे आला पाहिजे. फरक थोडा असेल तर क्लॅम्प सैल करून डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवावा. त्याने ठिणगीची वेळ बदलत नाही, हा आकडा तेवढा बदलतो. मग कोड पुसून गाडी त्याच चढावर न्यावी. खळगा योग्य बाजूला असून आणि हा आकडा जुळूनही कोड परत आला, तर मात्र पुढचे कव्हर उघडावे, आणि चेन किती ढिली निघाली ते येथे अवश्य कळवावे.