प्रिंटरची शाई

पत्र, थोडक्यात:

मावशी, नमस्कार. मी न्यू जर्सीत राहते. वय ३९, दोन मुलं, मूळची पुण्याची, बी.कॉम. ग्रीन कार्ड आल्यापासून कम्युनिटी कॉलेजात नर्सिंगच्या प्रीरिक्विझिट करतेय, म्हणजे नर्सिंगला प्रवेश मिळण्याआधी जे विषय पूर्ण असावे लागतात ते. ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन्ही भाग, केमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजी झालं. पहिला भाग चार वर्षांपूर्वी केला होता, मग धाकटीच्या वेळी खंड पडला. मायक्रोबायॉलॉजी चालू आहे आणि एक विषय पुढच्या सेमिस्टरला राहील. टीज या नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेत ८२ टक्के मिळाले. एके ठिकाणी दोन वर्षांचा कोर्स आणि दुसरीकडे युनिव्हर्सिटीतला बी.एस.एन., म्हणजे नर्सिंगची पदवी, अशा दोन ठिकाणी अर्ज करायचाय. मुदत पुढच्या महिन्यात संपते. अर्धवट विषयांसकट आत्ताच अर्ज करू, की सगळं पूर्ण करून स्वच्छ ट्रान्स्क्रिप्ट (गुणपत्रिका) घेऊन पुढच्या वर्षी? ह्यांची काही हरकत नाही, पण तेही म्हणतात घाई कशाला. अर्जासोबतचं पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे नर्स का व्हायचंय ते सांगणारं लिखाण, पहिल्या परिच्छेदापुढे सरकत नाहीये. बाबांच्या शेवटच्या आठवड्यात रात्रपाळीला एक सिस्टर होत्या, त्यांना पाहून हे डोक्यात आलं, एवढंच लिहून होतं. अभ्यास मात्र खूप आवडतोय. परवा लॅबमध्ये ग्लव्ह फाटला आणि बोटं जांभळी झाली. आईने व्हिडिओ कॉलवर विचारलं तेव्हा म्हटलं, प्रिंटरची शाई. (तिला मी मेडिकल कोडिंग, म्हणजे हॉस्पिटलच्या बिलांसाठी आजार-उपचारांना कोड देण्याचं ऑफिसातलं काम, शिकतेय असं सांगितलंय, उगाच वाद नको.) तर काय करू?

– एडिसनहून एक वाचक

उत्तर:

अगं, अर्ज आत्ताच कर. एवढं तर तुझ्या कॉलेजातल्या ॲडव्हायजरनेही सांगितलं असतं, आणि मला वाटतं सांगितलंही असेल. तरी तू मला लिहिलंस, आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शेवटून दुसऱ्या ओळीत, कंसात घातलीस. मी तिथूनच सुरुवात करते.

तुझी बोटं कशाने जांभळी झाली ते मला माहीत आहे. क्रिस्टल व्हायोलेट, ग्रॅम स्टेन या चाचणीतला रंग. स्लाइडवर जिवाणूंचा पातळ थर द्यायचा, तो सुकवून ज्योतीवरून फिरवायचा, वर जांभळा रंग, मग आयोडीन, मग अल्कोहोलने धुवायचं आणि शेवटी गुलाबी सॅफ्रानिन. अल्कोहोल दोन क्षण जास्त ओतलं की सगळं फसतं. मायक्रोस्कोपखाली जांभळं दिसलं तर ग्रॅम पॉझिटिव्ह, गुलाबी दिसलं तर ग्रॅम निगेटिव्ह, आणि कुठलं अँटिबायोटिक द्यायचं याचा विचार बऱ्याचदा इथूनच सुरू होतो. दोन पोरांचं करून, चाळिशीला टेकलेली असताना तू हे शिकलीस. आईने आपणहून विचारलं, ‘बोटांना काय झालं गं?’ आणि तू म्हणालीस प्रिंटरची शाई.

मला याचा राग आला, आणि तो तुझ्या आईचा नाही. तिने काय केलंय? तिला तर तू काही बोलायची संधीच दिलेली नाहीस. ती वाद घालेल हे तू परस्पर ठरवलंस, तिच्या वतीने नकारही देऊन टाकलास आणि आता त्या नकाराला घाबरून वर्षभर थांबायला निघालीस. स्वच्छ ट्रान्स्क्रिप्ट वगैरे मला सांगू नकोस. अर्ज गेला नाही तोवर ‘कोडिंग’ खपून जातं. केमिस्ट्री काय, स्टॅटिस्टिक्स काय, कशासाठीही असू शकतं. अर्ज गेला, प्रवेश मिळाला, अंगावर युनिफॉर्म आला की मग काय सांगणार आहेस? तुला मायक्रोबायॉलॉजी पूर्ण करायला एक वर्ष नकोय. ती तर या सेमिस्टरलाच संपतेय.

आता नियमांचं सांगते, म्हणजे तो आडोसाही राहणार नाही. पुष्कळ कॉलेजं एक-दोन विषय चालू असताना अर्ज घेतात. बी.एस.एन.चा अर्ज नर्सिंगकॅसमधून, म्हणजे अनेक नर्सिंग कॉलेजांच्या सामाईक ऑनलाइन अर्जातून, जाणार असेल तर तिथे चालू असलेले आणि पुढे घेणार असलेले विषय तसेच नोंदवायची सोय आहे. प्रवेश मिळतो तो अटीवर. कोर्स सुरू होण्याआधी विषय पूर्ण झाला पाहिजे आणि ठरलेली ग्रेड मिळाली पाहिजे, नाहीतर जागा जाते. ही अट कडक आहे, पण सायन्सच्या बाकीच्या विषयांत तू तरून आली आहेस. दोन्ही ठिकाणी किती विषय बाकी चालतात, कुठले चालतात, ते आजच त्यांच्या प्रवेशाच्या पानावर वाच. पुण्याची बी.कॉम. असल्यामुळे तिथल्या गुणपत्रिकांचं मूल्यांकन बहुतेक लागेल, आणि तेही विषयवार. ते मागवलं नसशील तर उद्या सकाळी पहिलं काम ते. त्याला वेळ लागतो आणि मुदत त्याच्यासाठी थांबत नाही.

थांबण्याची किंमत मात्र तू मोजलेली दिसत नाहीस. बऱ्याच कॉलेजांत सायन्सचे विषय ठराविक वर्षांतच ग्राह्य धरतात. कुठे पाच, कुठे सात, कुठे दहा. तुझा ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचा पहिला भाग चार वर्षांपूर्वीचा आहे. जिथे पाचाची मर्यादा असेल तिथे पुढच्या वर्षीपर्यंत तो शिळा होऊ शकतो, आणि मग हाडं-स्नायू सगळं पुन्हा पहिल्यापासून. स्वच्छ ट्रान्स्क्रिप्टची वाट पाहता पाहता आहे ते गमावशील. शिवाय सगळं पूर्ण झालं म्हणजे जागा मिळतेच असंही नाही. शिकवायला प्राध्यापक नाहीत, क्लिनिकलसाठी, म्हणजे वॉर्डातल्या प्रत्यक्ष शिक्षणासाठी, हॉस्पिटलात जागा नाहीत, म्हणून एकट्या २०२३ मध्ये अमेरिकेतल्या बी.एस.एन. आणि त्यापुढच्या अभ्यासक्रमांनी ६५ हजारांहून अधिक पात्र अर्ज परत केले. पात्र अर्ज, लक्षात घे. पहिल्या खेपेला नकार येऊ शकतो, आणि आला तर पुढच्या वर्षी पुन्हा करायचा. आता थांबलीस तर ती पहिली खेप पुढच्या वर्षी, चाळिशीत येईल. टीजच्या १७० प्रश्नांत ८२ टक्के चांगले आहेत. तेवढ्यासाठी परत बसू नकोस.

आता आई.

तुझ्या आईच्या पिढीतल्या कित्येक बायकांना नर्सिंग म्हटलं की रात्रपाळी आठवते आणि रात्रपाळी म्हटलं की अरुणा शानबाग. १९७३ साली मुंबईत, परळच्या केईएम हॉस्पिटलात नर्स असलेल्या त्या मुलीवर जे गुदरलं, लैंगिक अत्याचार आणि मेंदूला कायमची इजा, ते वर्तमानपत्रांतून, शेजारपाजारच्या बोलण्यातून घरोघरी पोचलं, आणि ‘मुलीला नर्स करायचं नाही’ हे किती घरांत ठरून गेलं असेल. ती भीती खोटी नव्हती. पण त्याच हॉस्पिटलातली पुढची गोष्ट आपण घरात तेवढी सांगत नाही. २०१५ च्या मे महिन्यात ती गेली, तोवर जवळजवळ ४२ वर्षं केईएमच्या नर्सेसनी तिला सांभाळलं. भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं. एक पिढी निवृत्त झाली की पुढची पिढी तेच करत राहिली. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या बाईच्या अंगाला जखमा होऊ न देणं हे केवढं काम आहे ते तुला आता पुस्तकातून कळलं असेल. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला, तो याच कामावर. आईने तो विषय काढला तर टाळू नकोस. ती अर्धी गोष्ट सांगेल, उरलेली तू सांग.

आणि एक गोष्ट अजिबात करायची नाही. ‘अगं, अमेरिकेत नर्सला खूप मान असतो, पगारही भरपूर असतो’ असं आईला पटवत बसायचं नाही. दोन्ही खरं आहे, पण तसं म्हणालीस की पुण्यात नर्सला मान नाही हे तूच कबूल केलंस. मग बाबांच्या उशाशी रात्रभर जागणाऱ्या त्या सिस्टर कोण होत्या? दर दोन तासांनी त्यांना कुशीवर कोण वळवत होतं? तू हे पाहिलंस तेव्हा आईही त्याच खोलीत होती ना? तू पत्रात त्यांच्याबद्दल एकच वाक्य लिहिलंस आणि पुढे गेलीस. तुझं स्टेटमेंट नेमकं तिथेच अडलंय. नर्स व्हायचंय हे जन्मदात्या आईला सांगता येत नसेल, तर ते प्रवेश समितीतल्या अनोळखी माणसांना पानभर कसं सांगशील?

तुझ्या यजमानांबद्दलही बोलते, रागावले तरी चालेल. हरकत नाही म्हणतात ते ठीक, पण सासर-माहेरच्या फोनवर ‘कोडिंग’ त्यांनीही चालवून घेतलंय, हो ना? आणि वर घाई कशाला म्हणतात. उद्या क्लिनिकल सुरू झाली की सकाळी सातच्या आत वॉर्डवर हजर राहावं लागेल. त्या दिवशी पोरांचे डबे कोण भरणार, धाकटीला ताप असला तर घरी कोण थांबणार, हे आत्ता बसून ठरवा. नुसत्या हरकत नसण्यावर नर्सिंगची दोन वर्षं निघत नाहीत. त्यांना काम वाटून दे आणि त्यांचे कुठले वार ते कॅलेंडरवर लिहून ठेव.

तर येत्या शनिवारी रात्री, पोरं झोपल्यावर, म्हणजे तिथल्या रविवारी सकाळी, आईला फोन कर. व्हिडिओ कॉलच कर. आधी सांग की बोटांवर शाई नव्हती, ग्रॅम स्टेन होता, आणि तू नर्स होणार आहेस. तिला परवानगी मागू नकोस, सांग. मग त्या सिस्टरांबद्दल विचार. त्या काय बोलायच्या, बाबांना कशा उठवायच्या, आईला चहा तरी प्यायला लावायच्या का. ती चिडेल, रडेल, कदाचित ‘हेच करायला तिकडे गेलीस का’ असंही म्हणेल. म्हणू दे. ऐकून घे, भांडू नकोस आणि ‘नक्की काही ठरलेलं नाही’ असं म्हणून माघार तर मुळीच घेऊ नकोस. चार दिवस अबोला धरला तर पाचव्या दिवशी पुन्हा फोन कर. तुझी काळजी करणाऱ्या बाईशी तू इतके दिवस खोटं बोलत होतीस, तेव्हा तिचा थोडा राग तुला सोसलाच पाहिजे.

फोन ठेवलास की त्याच रात्री स्टेटमेंट लिहायला बस. रुग्णसेवेची लहानपणापासून आवड वगैरे काही नको, ते सगळेच लिहितात. त्या खोलीत काय घडत होतं ते लिही, सिस्टरांचे हात काय करत होते ते लिही, आणि आईने फोनवर जे नवीन सांगितलं असेल ते घाल. मराठीत सुचलं तर आधी मराठीत लिही.

मुदतीच्या आत दोन्ही अर्ज गेले पाहिजेत. गेले की मला कळव, आणि आई काय म्हणाली तेही. मायक्रोची ग्रेड सवडीने कळवलीस तरी चालेल.