ग्रेटफुल डेड नव्याने ऐकतोयस? व्हेनेटापासून सुरू कर

अरे या अमेरिकन रॉक बँडचे स्टुडिओ अल्बम नंतर बघू, आधी २७ ऑगस्ट १९७२ चं व्हेनेटा गावातलं लाइव्ह रेकॉर्डिंग लाव. ओरेगॉनमधल्या एका डेअरीला मदत म्हणून उघड्या मैदानात केलेला शो, ऊन असलं भयंकर की गिटारी सारख्या बेसूर होत होत्या, आणि तरी (की म्हणूनच?) बँड जे काय वाजवतो ना, तोड नाही. त्यातलं 'डार्क स्टार' हे गाणं अर्ध्या तासाचं आहे, पहिल्यांदा कंटाळशील, मान्य, पण हेडफोन लावून नुसतं फिल लेशच्या बेस गिटारमागे जा, तो साथ कसली देतोय, गिटारिस्ट जेरी गार्सियाच्या गिटारशी गप्पाच मारत असतो. आणि हो, २०१३ चं ऑफिशियल रिलीजच ऐक, खरखरीत कॉप्या ऐकून मत बनवू नकोस.