शिबिरातली व्हीलचेअर घ्यावी का?

प्रश्न : अपघातानंतर माझ्या भावाच्या कमरेखाली संवेदना नाही. एक संस्था शिबिरात मोफत व्हीलचेअर देणार आहे. घेताना काय पाहावे? – एक भगिनी, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : ताई, जरूर घ्या, पण माप घेतल्याशिवाय नको. शिबिरात बहुधा एकाच मापाच्या खुर्च्या येतात आणि गडबड तिथेच होते. बसल्यावर नितंबांची रुंदी मोजा. बैठक त्याहून फार तर दोन-तीन सेंटीमीटर रुंद हवी. सैल खुर्चीत माणूस एका कुशीला कलतो, सगळा भार एकाच हाडावर येतो. बैठकीची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत 3 ते 6 सेंटीमीटर जागा राहू द्या. पायटा (पाय ठेवायची पट्टी) उंच असला तर मांड्या उचलल्या जातात आणि भार बुडावर येतो.

संवेदना नसलेल्याला दाबाने होणारी जखम कळत नाही, म्हणून बैठकीवरची उशी खुर्चीइतकीच गरजेची. ती संस्थेकडे मागाच, संकोच नको. भावाने वरचेवर हातांवर अंग उचलावे किंवा पुढे वाकावे. रोज रात्री आरशात त्वचा पाहावी. लाली अर्ध्या तासात गेली नाही, तर ती जाईपर्यंत त्या जागेवर भार नको. सोलापूरच्या उन्हाळ्यात घामाने त्वचा लवकर सोलते, तेव्हा उशीला सुती खोळच बरी.

सरकारच्या ‘स्वावलंबन’ पोर्टलवर यूडीआयडी कार्डासाठीही (दिव्यांगांचे ओळखपत्र) अर्ज करा. दिव्यांगांना साधने देणाऱ्या केंद्राच्या ‘एडिप’ योजनेत मोटारीची तीनचाकी सायकल मिळते, मात्र दिव्यांगत्व किमान 80 टक्के लागते. खुर्ची देणाऱ्या संस्थेला एवढे विचाराच : चाक, ब्रेक बिघडला तर दुरुस्ती कोण करणार?