सटल म्हणजे फिकं का?

प्रश्न : नाशिकजवळच्या एका वायनरीत टेस्टिंगला गेलो होतो. तिथल्या मुलीने शेनिन ब्लांक नावाची पांढरी वाइन ओतली आणि म्हणाली, यात पीचचा ‘सटल’ वास आहे. मला तर नुसतं गार आणि आंबटसर लागलं. सटल म्हणजे नक्की काय, फिकं का? — एक वाचक, पुणे

उत्तर : नाही हो, फिकं अजिबात नाही! चांगला जुळलेला तंबोरा कधी जवळून ऐकलाय का? खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या ‘सा’च्या तारेतून गंधार, म्हणजे ‘ग’ ऐकू येतो, स्वयंभू गंधार म्हणतात त्याला, गंधाराची तार तिथे नसतेच पण ज्वारी, म्हणजे तारेखालच्या दोऱ्याने येणारी गुंज, नीट लागलेली असली आणि आपण जरा वेळ गप्प बसलो की तो येतो, आणि एकदा सापडला की मग कानातून जात नाही. सटल म्हणजे हे. पीचसुद्धा त्या बाटलीत कोणी घातलेला नसतो, द्राक्ष आणि फर्मेंटेशन यातून जे वासाचे रेणू तयार होतात त्यातून तो भास होतो. फिकी वाइन वेगळी, तिच्यात कितीही वेळ नाक घाला, काही मिळत नाही.

तुमचा खरा घोटाळा ‘गार’ या शब्दात आहे असं मला वाटतं. फ्रिजमधून थेट आलेल्या वाइनचा वास दबलेला असतो, ती 10 डिग्रीच्या आसपास येऊ द्या, ग्लास थोडा वेळ हातात धरा, फिरवा, आणि घोट गिळल्यावर नाकाने सावकाश श्वास सोडा, कारण ज्याला आपण चव म्हणतो त्यातलं बरंचसं घशामागून नाकातच कळतं.

आणि स्वतःला दोष देऊ नका. शिराझ या रेड वाइनमध्ये मिरीचा वास येतो तो रोटंडोन नावाच्या रेणूमुळे, 2008 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हे शोधून काढलं, आणि त्यांच्याच चाचणीत साधारण पाचातल्या एकाला रोटंडोन भरपूर असूनही त्याचा वास आला नाही. नाकं वेगवेगळी असतात.

अजून एक, पीच आपल्याकडे रोज खाल्ला जात नाही, जो वास डोक्यात साठलेलाच नाही तो ओळखणार कसा? उन्हाळ्यात हिमाचलचे पीच बाजारात आले की दोन आणा, कापून नीट वास घ्या, आणि मग तीच वाइन परत उघडा.